विसर: वयाचा की आजाराचा?

पेढीवर आयुष्यभर रोकडमेळ लिहिणाऱ्या वडिलांना एखाद्या जुन्या ग्राहकाचे नाव चटकन आठवले नाही, की घरातील मंडळी धास्तावतात. वास्तविक उतारवयात स्मरणाची गती मंदावणे स्वाभाविक आहे. चष्मा कोठे ठेवला हे विसरणे, नाव थोड्या वेळाने आठवणे, वार चुकला तरी लगेच ध्यानात येणे, ही वयाची लक्षणे होत.

चिंतेची लक्षणे निराळी. तोच प्रश्न तासाभरात चार वेळा विचारला जातो आणि विचारल्याचे भान उरत नाही. एकाच व्यापाऱ्याला दोनदा रक्कम दिली जाते. आईला नेहमीच्या स्वयंपाकाचा क्रम लागेनासा होतो. रोजच्या मंदिराची वाट चुकते. असे बदल काही महिने वाढत असतील, तर ‘म्हातारपण’ म्हणून सोडून देऊ नयेत. तुलना त्याच व्यक्तीच्या पूर्वीच्या वागण्याशी करावी.

येथे एक फसगत संभवते. प्रतिक्रमणाची सूत्रे मुखोद्गत आहेत, म्हणजे स्मरणशक्ती शाबूत, असे मानले जाते. परंतु बालपणी पाठ केलेले अल्झायमरच्या आजारातही दीर्घकाळ टिकते. बहुधा प्रथम निसटते ते आजचे. सकाळी कोण भेटले, काय ठरले, हे सहज बोलण्यात विचारून पाहावे.

प्रत्येक विस्मरण असाध्य नसते. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचे विकार, नैराश्य, झोपेच्या गोळ्या यांमुळेही स्मृती मंदावते आणि यांवर उपाय आहेत. शाकाहारात बी-१२ मुख्यतः दूधदुभत्यातूनच मिळते. म्हणून ज्या वृद्धांचे दूध-दही सुटले आहे, त्यांची रक्ततपासणी अवश्य करावी. मात्र काही तासांत वा एक-दोन दिवसांत अचानक गोंधळ उडाला, तर संसर्ग, पक्षाघात, सोडियमची घट, अथवा उपवासात मधुमेहाची गोळी घेतल्याने उतरलेली साखर, असे कारण असू शकते. अशा वेळी तत्काळ रुग्णालय गाठावे.

समाजात बोभाटा होईल या भयाने दुखणे झाकले जाते आणि मोलाचा काळ निघून जातो. निदान वेळेवर झाले, तर पेढीचे व्यवहार, मृत्युपत्र, उपचार यांविषयी वडीलधारी माणसे स्वतः आपली इच्छा सांगू शकतात. चारचौघांत त्यांची चूक काढून त्यांना ओशाळवाणे करू नये. काय घडले, केव्हा घडले, याची तारीखवार नोंद वहीत ठेवावी आणि ती डॉक्टरांना दाखवावी. हिशेब चोख ठेवणाऱ्या घरांना हे काम अवघड नाही.