‘कंडेम’ कोणी ठरवायचे?



बुकिंग ऑफिसच्या मागच्या खोलीत, आरएमएसच्या सॉर्टिंग हॉलच्या कोपऱ्यात किंवा एखाद्या उपडाकघराच्या अडगळीत डोकावून पाहा. जुन्या नोंदवह्यांच्या गठ्ठ्यांशेजारी संगणकाचे दोन-चार डबे पडलेले दिसतील. एके काळी पांढरट, आता हळदीच्या रंगाचे. त्यांच्या नशिबी एकच शब्द असतो : कंडेम. हा शब्द कोण लिहितो, कशाच्या आधारावर लिहितो, आणि त्या यंत्रावर वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसाला कोणी विचारतो का, हा प्रश्न आम्ही येथे मांडत आहोत. प्रश्न पत्र्याच्या डब्याचा दिसतो. प्रत्यक्षात तो आपल्या हातातल्या कसबाचा आहे.

हे कसब शाबूत असले म्हणजे काय होते, ते पाहायला चेन्नईच्या तिरुवल्लिकेणीत जावे. इंग्रजांच्या तोंडी ‘ट्रिप्लिकेन’ झालेली ही वस्ती कामगार चळवळीला परकी नाही. 1 मे 1923 रोजी सिंगारवेलू चेट्टियार यांनी आपल्या देशातला पहिला कामगार दिन साजरा केला. त्या दिवशी मद्रासमध्ये दोन सभा झाल्या आणि त्यांतली एक तिरुवल्लिकेणीच्या समुद्रकिनाऱ्यावर झाली. ग्राहकांची सहकारी संस्था येथे त्याही आधी, 1904 साली उभी राहिली. पार्थसारथीचे देऊळ आणि वालाजा मशीद यांच्या आसपासच्या गल्ल्यांत नोकरीसाठी आलेल्या एकट्या माणसांच्या ‘मॅन्शन’ आहेत. एका खोलीत अनेकांनी राहायचे, बाहेर खानावळीत जेवायचे. गिरणगाव पाहिलेल्याला हे सांगावे लागणार नाही.

या वस्तीतून अण्णा सालै ओलांडली की रिची स्ट्रीट येते. मुंबईचा लॅमिंग्टन रोड तशी ही चेन्नईची बाजारपेठ. रेडिओच्या सुट्या भागांपासून संगणकापर्यंत सगळे येथे मिळते, आणि मुख्य म्हणजे दुरुस्त होते. संगणकाच्या डब्याला या धंद्यात ‘कॅबिनेट’ म्हणतात. आतला मदरबोर्ड जळाला, म्हणून कॅबिनेट संपला असे येथे कोणी मानत नाही.

तसे मानण्याचे कारणही नाही. 1995 साली इंटेल कंपनीने ‘एटीएक्स’ नावाची मापे ठरवून दिली. बोर्ड केवढा, स्क्रूची भोके कोठे, मागच्या जोडण्यांची खिडकी किती लांब-रुंद, हे सर्व त्यात ठरले. ती मापे आजही चालू आहेत. म्हणून पंचवीस वर्षांपूर्वीच्या एटीएक्स कॅबिनेटमध्ये आजचा बोर्ड त्याच भोकांवर बसतो. आतले बदलते, सांगाडा टिकतो.

रेल्वे कामगाराला ही गोष्ट नवी वाटणार नाही. त्याच चेन्नईत, पेरांबूरला, 2 ऑक्टोबर 1955 रोजी इंटिग्रल कोच फॅक्टरी सुरू झाली. तिथल्या जुन्या पद्धतीच्या डब्याचे आयुष्य पंचवीस वर्षे धरलेले. निम्म्या आयुष्यात तो भोपाळच्या निशातपुरा कारखान्यासारख्या ठिकाणी जातो. गंजलेला पत्रा कापून नवा जोडतात, वायरिंग, फरशी, आसने बदलतात आणि डबा पुन्हा रुळावर येतो. प्रवासी वाहतुकीतून उतरल्यावरही कित्येक डब्यांच्या खिडक्या बंद करून त्यांतून मोटारगाड्या वाहून नेल्या जातात. या पद्धतीचा शेवटचा डबा पेरांबूरहून जानेवारी 2018 मध्ये बाहेर पडला. डबा कधी मोडीत काढायचा हे गंज, भेगा आणि झीज मोजून ठरते, आणि मोजणारा कारखान्यातला माणूस असतो. संगणकाच्या डब्याबाबत मात्र हा निर्णय विकणाऱ्याने घ्यावा, हे कोणते शास्त्र?

जुना कॅबिनेट उभा करण्याचे काम काय असते, ते थोडक्यात सांगतो. पहिली गोष्ट वीज तोडण्याची. एटीएक्सच्या आधीच्या ‘एटी’ कॅबिनेटमध्ये समोरच्या बटणापर्यंत थेट 230 व्होल्टची वायर येते. प्लग काढल्याशिवाय त्याला हात लावू नये. पॉवर सप्लायची पेटी माहितगाराशिवाय कोणी उघडू नये, कारण प्लग काढल्यावरही तिच्यातल्या कपॅसिटरमध्ये विजेचा भार राहू शकतो. मग आतले सर्व सुटे करून ब्लोअरने धूळ काढायची. पत्र्यावर बहुधा जस्ताचा मुलामा असतो. त्यावर थेट रंग मारला तर पापुद्रे सुटतात. म्हणून आधी पॉलिश पेपर, मग जस्ताला धरून राहणारा प्रायमर आणि शेवटी रंगाचे दोन-तीन पातळ हात. समोरच्या प्लास्टिकचा पिवळेपणा मळाचा नसतो. आग लागू नये म्हणून प्लास्टिकमध्ये घातलेली ब्रोमिनची रसायने आणि ऊन यांचा तो परिणाम असतो. हातमोजे आणि चष्मा घालून हायड्रोजन पेरॉक्साइड लावले आणि उन्हात ठेवले, तर तो बराच उतरतो. चेन्नईत काय किंवा भुसावळात काय, उन्हाला तोटा नाही!

जुन्या कॅबिनेटमध्ये पंख्याची जागा बहुधा 80 मिलिमीटरची असते. आजच्या प्रोसेसरच्या उष्णतेला ती अपुरी पडली, तर पत्रा कापून 120 मिलिमीटरचा पंखा बसवतात. समोरून खालून थंड हवा आत, मागून वरून गरम हवा बाहेर. कापलेल्या कडा कानशीने घासायच्या आणि लोखंडाचा कीस एक कणही आत राहू द्यायचा नाही, नाहीतर नवा बोर्ड पहिल्याच दिवशी जळेल. रंग ज्याच्या त्याच्या आवडीचा. कोणी टपालपेटीचा लाल देईल, कोणी जुन्या प्रवासी डब्यांचा तांबूस. या हौसेला हसू नये. आपल्या अवजारावर आपला हात फिरावा, ही कारागिराची जुनी भूक आहे.

एक गंमत येथे सांगण्यासारखी आहे. 1990 च्या सुमाराच्या अनेक कॅबिनेटवर मेगाहर्ट्झचा आकडा दिव्यांत झळकत असे. तो आकडा काहीही मोजत नव्हता! जोडणाऱ्याने मागच्या पिनांवर जो बसवला, तोच पुढे दिसे. कार्यक्षमतेचे तक्ते वाचण्याची सवय असलेल्या आपल्या सभासदांना याचे नवल वाटणार नाही.

काही साथी विचारतील, नवा कॅबिनेट थोडक्या पैशात मिळतो, मग हा खटाटोप कशाला? पैशाचा हिशेब आम्हीही केला आहे. एका डब्यामागे फार काही वाचत नाही, हे मान्य. प्रत्येक जुने यंत्र जिवंत ठेवावे असेही आमचे म्हणणे नाही. वीज खाणारे, तापणारे जुने भाग गेलेच पाहिजेत. पण संगणक आपल्या टेबलावर आला तेव्हा काय झाले ते आठवा. यंत्र आपले, स्क्रू ड्रायव्हर मात्र वार्षिक कंत्राट घेणाऱ्याच्या खिशात. झाकणाला हात लावायचा नाही. वास्तविक डाक खात्याची ‘मेघदूत’ प्रणाली खात्याच्याच माणसांनी घडवली आणि देशभरच्या काउंटरांनी तिच्यावर वर्षानुवर्षे काम केले. रेल्वेच्या दूरसंचार विभागातल्या तंत्रज्ञाला एक डबा उघडता येणार नाही, असे कोण म्हणेल? कसब होते, ते वापरायची मुभा काढून घेतली गेली. न वापरलेले कसब गंजते, आणि मग ‘तुमच्याकडे माणसे नाहीत’ म्हणून काम बाहेर दिले जाते.

आज हा प्रश्न तातडीचा आहे. विंडोज 10 ची नियमित सुरक्षा-दुरुस्ती 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबली, आणि नवी आवृत्ती अनेक जुन्या यंत्रांना अधिकृतपणे चालत नाही. म्हणजे धडधाकट संगणक ढिगाने मोडीत निघणार. वास्तविक त्यांतल्या पुष्कळांवर लिनक्स चालू शकते; चेन्नईच्याच सी-डॅकने त्यावर आधारलेली ‘बॉस’ ही प्रणाली तयार केली आहे. मोडीत निघालेला माल शेवटी कोणाच्या हाती जातो? दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत उघड्या हातांनी तो फोडणाऱ्या मजुरांच्या. ब्रोमिन असलेले प्लास्टिक जाळले की डायॉक्सिनसारखी विषे हवेत जातात. तो धूर ज्याच्या छातीत जातो तोही कामगारच आहे. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी उत्पादकावर जबाबदारी टाकली आहे, हे चांगले झाले. पण कचरा होऊच न देणे हे कोणत्याही नियमाच्या आधीचे काम आहे.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. पहिली : संगणक कंडेम ठरवणाऱ्या समितीत त्या जागेवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांचा प्रतिनिधी असावा, आणि कोणता भाग निकामी व कोणता चालू, हे कागदावर लिहिले जावे. दुसरी : चालू कॅबिनेट, पंखे, कीबोर्ड लिलावात जाण्यापूर्वी खात्याच्या प्रशिक्षण केंद्रांना मिळावेत. तिसरी : प्रत्येक विभागात निदान एक दुरुस्ती-कक्ष असावा, त्यात आपल्याच तंत्रज्ञांना आणि डाक सहायकांना कामाच्या वेळेत शिकवले जावे. चौथी : प्रवाशांची आणि बचत खातेदारांची माहिती असलेली हार्ड डिस्क नष्ट केल्याशिवाय किंवा पूर्ण पुसल्याशिवाय एकही यंत्र आवाराबाहेर जाऊ नये.

या मागण्या केवळ ठराव करून पुऱ्या होणार नाहीत. शाखेच्या येत्या सभेपूर्वी प्रत्येक कार्यवाहाने आपल्या ऑफिसातले पडून असलेले डबे मोजावेत. किती उघडले, आत काय सापडले, किती पुन्हा उभे राहू शकतात, याची यादी करावी. ती यादी हातात घेऊन प्रशासनापुढे बसू. यंत्राचे आयुष्य ठरवण्याचा अधिकार ते चालवणाऱ्यालाही आहे, हे बोलण्यापेक्षा त्या यादीनेच अधिक चांगले सिद्ध होईल.