शिळेवर नाव नसलेला कवी

थॉमस ग्रेची ‘एलिजी’ आम्हाला कॉलेजात अभ्यासाला होती. खेड्यातल्या चर्चच्या आवारात पुरलेल्या अनाम माणसांवरची ही कविता १७५१ साली छापली गेली. लंडनच्या पश्चिमेला स्टोक पोजेस हे गाव आहे. तिथल्या चर्चचे आवार ते हेच, असे मानतात. तिथे गेल्यावर मात्र नजरेत भरते ते भलतेच. आवाराला लागून असलेल्या शेतात उंच चौथऱ्यावर भलीमोठी दगडी शवपेटी आणि बाजूंना कवितेच्या ओळी! जॉन पेन या तिथल्या जमीनदाराने १७९९ मध्ये जेम्स वायटकडून ग्रेचे हे स्मारक उभारून घेतले. साध्या माणसांच्या कवीला एवढा डामडौल कशाला, हे मला कळले नाही. फोटो मात्र मीही काढला.

ग्रे तिथे नाहीच. तो चर्चच्या भिंतीलगत, वर दगडी शिळा बसवलेल्या विटांच्या बुटक्या थडग्यात आहे. १७७१ साली तो केंब्रिजला वारला आणि त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला इथे आईजवळ ठेवले. शिळेवर त्याचे नाव नाही. मजकूर त्याचाच, पण आई आणि मावशीसाठी लिहिलेला.

आईचे नाव डोरोथी. तिला बारा मुले झाली. अकरा तान्हेपणीच गेली. नवरा मारकुटा. बहीण मेरीला सोबत घेऊन तिने लंडनच्या कॉर्नहिल भागात दुकान चालवले आणि उरलेल्या एका मुलाला ईटनला, मग केंब्रिजला शिकवले. १७३५ साली तिने वकिलाला विचारले होते की, या माणसापासून आपल्याला काही संरक्षण आहे का? संसाराला तो पैसा देत नाही आणि वर मारतो, हे सारे तिने त्यात मांडले होते. कायद्याजवळ तिच्यासाठी फारसे काही नव्हते.

मेरी १७४९ मध्ये गेली, डोरोथी १७५३ मध्ये. शिळेवर मेरी ही डोरोथीची नुसती बहीण नाही, मैत्रीणही आहे. डोरोथी ही पुष्कळ लेकरांची मायाळू आई आहे, आणि तिच्यामागे जगावे लागले हे त्यांतल्या एकाचे दुर्दैव आहे. हा एक म्हणजे अर्थात तो स्वतः. बापाचे नाव कुठेच नाही. ‘विधवा’ एवढ्या एका शब्दात त्याला आटोपले आहे. वकिलाकडे न मिळालेला न्याय मुलाने दगडावर दिला, असे मला वाटते.

समोर चर्चच्या भिंतीवर एक पाटी आहे. ग्रे याच थडग्यात आहे, असे ती सांगते. ती वाचली नसती, तर मीही शेतातल्या त्या चौथऱ्यालाच नमस्कार करून परतलो असतो.