आधी गिटार वाकवा

सनईचे दोन आलाप, मागे पावसाचा आवाज, ड्रोनवरून टिपलेलं रायगडाचं धुकं, आणि मग गिटारची दरड कोसळते. त्यानंतर सनई पुन्हा ऐकू येत नाही. याला हल्ली ‘फोक मेटल’ म्हणतात. मित्र असली रीलं पाठवून विचारतात, काटा आला ना? येतो, पण रागाने.

मी महाडचा आहे आणि कॉलेजपासून डेथ मेटल ऐकतो, तेव्हा भांडणाच्या दोन्ही बाजू माझ्याच घरातल्या. मिसळायला माझी अजिबात हरकत नाही. हरकत आहे ती वाकायचं कुणी हे न ठरवताच मिसळण्याला. आपल्याकडे दर वेळी सनईच वाकते.

जावामध्ये काय चाललंय बघा. योग्यकर्ताची ‘सेन्यावा’ ही जोडी. रुली शबारा घशातून जे काढतो त्याने भल्याभल्या मेटल गायकांना घाम फुटावा, आणि वुकिर सुर्यादी वाजवतो ते स्वतः घडवलेलं बांबूचं तंतुवाद्य. त्यांचा ‘अल्किसाह’ हा अल्बम २०२१ मध्ये जगभरच्या ४४ छोट्या लेबलांनी मिळून काढला. जावाच्याच पश्चिमेला बांडुंग आहे. तिथली डेथ मेटलवाली मंडळी करिंदिंग शिकली. हे आपल्या मोरचंगासारखं ओठांशी धरून वाजवायचं बांबूचं वाद्य. त्यातून ‘करिंदिंग अटॅक’ उभा राहिला. म्हणजे आधी ते विद्यार्थी झाले.

तिथल्या गामेलानला तर मेटलवाल्याची परीक्षाच घेता येते. प्रत्येक संचाचे सूर त्या संचापुरते लावलेले असतात. एका संचातलं वाद्य उचलून दुसऱ्यात ठेवलं तर बेसूर होतं. बालीत जोडीतलं एक वाद्य मुद्दाम किंचित चढं ठेवतात. दोन्ही एकत्र वाजली की आवाज लाटेसारखा थरथरतो, आणि त्याला नावही ‘ओम्बाक’, म्हणजे लाट, असंच आहे. लय केंडांग नावाच्या ढोलाच्या हातात. तो मंदावला की सगळे मंदावतात, तो धावला की सगळे धावतात. इथे गिटारचे ठरीव पडदे आणि कानातली क्लिक दोन्ही निरुपयोगी. गिटारवाल्याला तारा उतरवून, कान लावून, नव्याने बसावं लागतं.

आमच्याकडे हा त्रास कुणी घेत नाही. सनई ऑटोट्यूनमधून गाळायची, ढोल क्लिकवर ठोकून बसवायचा, झालं. मुंबईच्या ‘डेमॉनिक रेझरेक्शन’चा २०१७ मधला ‘दशावतार’ मला आवडतो, पण त्याचाही सांगाडा युरोपातलाच वाटतो. आपली वाद्यं अंगावर घातलेल्या दागिन्यांसारखी येतात.

महाशिवरात्रीनंतर महाडला विरेश्वराचा छबिना असतो. त्या रात्री जो उभा राहिलाय त्याला या गाळण्यात काय वाहून जातं ते कळेल. गावोगावच्या पालख्या, सासनकाठ्या, आणि त्यांच्यासोबत खालूबाजा. दोन बाजे समोरासमोर आले की लय जुळत नाही, आणि जुळवायला कुणी जातही नाही. काठी नाचवणाऱ्याचा पाय उचलला की ढोल सुटतो, त्याला दम लागला की ढोल थांबतो. दोन सनयांच्या सुरांत केसभर फरक पडतो आणि त्या फटीतून जे कर्कश, थरथरतं काहीतरी निघतं ते पाठीच्या कण्यात जाऊन बसतं. बालीतल्या लोकांनी यालाच शास्त्र मानलं. आमचा साउंड इंजिनिअर याला चूक म्हणतो आणि माउसने पुसतो.

बरं, विजेशी आपल्या वाजंत्रीची ओळख नाही असंही नाही. आमच्या लग्नांत वाजणारा बेंजो काय आहे? १९१२ साली जपानात निघालेलं ताइशोगोतो, इकडे येऊन बुलबुलतरंग झालं, मग त्याला पिकअप लागला, अॅम्प लागला, कर्णे लागले. तो फाटका, किरकिरता आवाज म्हणजे डिस्टॉर्शनच की! पण त्याला कुणी ‘प्रायोगिक’ म्हणत नाही, कारण तो वरातीत वाजतो आणि वाजवणाऱ्याने नॉर्वेचा बँड ऐकलेला नसतो.

दुसरीकडे शुद्धतावाले. देवाचं वाद्य त्या राक्षसी संगीतात? ही माणसं त्याच देवाच्या मिरवणुकीत छाती हादरवणारा डीजे मुकाट ऐकतात. त्यांना उत्तर देण्यात मी शब्द घालवणार नाही.

शब्द घालवायचे ते ‘परंपरा जपतोय’ म्हणणाऱ्या बँडवाल्यांवर. जावात राजवाड्यातल्या गामेलान संचांना ‘क्याई’ ही आदराची पदवी लावतात. वाद्य ओलांडून जायचं नाही असा दंडक आहे. २०२१ मध्ये गामेलान युनेस्कोच्या यादीतही गेलं. आपल्याकडे कित्येक गावांत वाजवणं हे जातीने गळ्यात मारलेलं काम होतं. वाजवणारा बाहेर, ऐकणारा आत. ज्या महाडात २० मार्च १९२७ला चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतलं, तिथे हे मला कुणी समजावून सांगायला नको. असलं काम ज्यांनी सोडलं त्यांनी योग्यच केलं. ज्यांनी ठेवलं, त्यांच्यातल्या एखाद्याचं चाळीस सेकंदांचं रेकॉर्डिंग करायचं, श्रेयनामावलीत ‘स्थानिक कलाकार’ लिहायचं आणि आपण मात्र बँड म्हणून फोटो काढायचे, हे जपणं नव्हे. हा जुनाच व्यवहार आहे, फक्त आता त्याला रिव्हर्ब लावलाय.

करायचंच असेल तर सनईवाला आणि ढोलवाला बँडचे सदस्य करा. नावानिशी, वाट्यानिशी, गाणं कुठे संपवायचं हे ठरवण्याच्या हक्कानिशी. ड्रमरच्या कानातली क्लिक काढा. ब्लास्ट बीटला ढोलामागे धावू दे, धाप लागली तर तीही रेकॉर्ड होऊ दे. गिटार सनईला लावा.

आणि पोलादपूरच्या बाजावाल्यांना एप्रिल-मेमध्ये फोन करू नका, लग्नसराईत ते उचलणार नाहीत. पावसाळ्यात जा. तेव्हा त्यांना वेळ असतो, पण दमट हवेत चामडं सैलावलेलं असतं, ढोल आधी विस्तवावर शेकावा लागतो. स्टुडिओचं भाडं तासावर असलं तरी तेवढा वेळ थांबा.