सेकोया बघायला जाताय? एक रात्र तिथे राहा

मुलगा-सून किंवा लेक-जावई कॅलिफोर्नियात असले की आईवडिलांच्या सहा महिन्यांच्या मुक्कामात एक शनिवार-रविवार ‘मोठ्या झाडांसाठी’ ठेवलेला असतो. बे एरियातून भल्या पहाटे निघायचं, साडेचार-पाच तास गाडीत बसायचं, झाडासमोर फोटो काढायचे आणि रात्री उशिरा घरी. कृपा करून हा बेत रद्द करा. एवढं लांब जाऊन तासाभरात परत फिरण्यापेक्षा न गेलेलं बरं. जायचंच तर एक रात्र तिथे काढा.

आधी एक घोळ निस्तरू. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या म्यूर वूड्सला जाऊन आलेले अनेकजण ‘सेकोया पाहिले’ म्हणून सांगतात. तिथली झाडं म्हणजे किनाऱ्यावरचे रेडवूड. नात्यातलेच, उंचीला जास्त, पण अंगाने सडपातळ. जायंट सेकोया जगात नैसर्गिकरीत्या उगवतात ते फक्त सिएरा नेवाडाच्या पश्चिम उतारावर, साधारण साडेचार ते सात हजार फुटांच्या पट्ट्यात, आणि तेही विखुरलेल्या राया करून. योसेमिटीतल्या मॅरिपोसा ग्रोव्हमध्ये ते आहेत. योसेमिटीला जाणारच असाल तर तेवढी राई जरूर बघा. पण खास सेकोयांसाठी निघणार असाल तर सरळ सेकोया नॅशनल पार्कमधलं जायंट फॉरेस्ट गाठा.

जुन्या पोस्टकार्डावर झाडाच्या पोटातून गाडी जाताना दिसते, ते झाड आता नाही. योसेमिटीतलं ते वावोना झाड १९६९ साली पडलं. जायंट फॉरेस्टमध्ये १९३७ साली आडवा झालेला एक ओंडका आहे, त्यातून मात्र गाडी जाते. नातवंडांची हौस तिथे भागवा.

जनरल शर्मन हे आकारमानाने जगातलं सर्वांत मोठं झाड. उंची २७५ फूट, जमिनीलगतचा घेर १०० फुटांहून जास्त, वय सुमारे २,२०० वर्षं. २००६ साली त्याची एक फांदी तुटून पडली, तिची जाडीच सहा फुटांहून अधिक होती. खाली कुंपण मोडलं, वाटेला खड्डा पडला. असं झाड बघायलाच हवं, पण त्याच्या पाटीपाशी फोटोसाठी रांग असते आणि बहुतेक मंडळी रांग संपली की माघारी वळतात. तुम्ही वळू नका. तिथूनच काँग्रेस ट्रेल नावाची वाट निघते, पाऊलवाट कसली, चांगली फरसबंद आहे. दहा मिनिटं चाललात की गर्दी मागे पडते आणि तशीच प्रचंड झाडं घोळक्याने उभी दिसतात. माझ्या मते खरं बघण्यासारखं तिथे आहे, आणि तेही सकाळी लवकर. मुक्काम करा म्हणतो तो त्यासाठीच.

या वाटेवर बुंध्यांवर काळे डाग आणि माणूस आत उभा राहील एवढ्या जळक्या ढोली दिसतील. कुणी नासधूस केली असं वाटून हळहळू नका. सेकोयाला आग लागतेच, आणि ती त्याला हवीही असते. साल कुठे कुठे दोन फूट जाड असते, त्यामुळे साध्या वणव्याने आतल्या जिवाला धक्का लागत नाही. दोन-तीन इंचांचे हिरवे शंकू वर्षानुवर्षं मिटलेले राहतात, आणि खालच्या धगीने सुकले की उघडतात. आतलं बी पोह्यासारखं चपटं, एका ग्रॅममध्ये दोनशेच्या आसपास बसेल इतकं हलकं. ते रुजायला पालापाचोळा जळून उघडी झालेली माती लागते. शंभर वर्षं माणसाने प्रत्येक आग विझवली, रानात सरपण साचत गेलं, त्यात दुष्काळाची भर पडली. मग २०२० आणि २०२१ साली आगी लागल्या त्या या झाडांनाही सोसवल्या नाहीत. जगातल्या मोठ्या सेकोयांपैकी अंदाजे १३ ते १९ टक्के त्या दोन वर्षांत गेले. शर्मनच्या बुंध्याला तेव्हा अॅल्युमिनियमचं कापड गुंडाळलं होतं. जायंट फॉरेस्ट पुष्कळसं वाचलं, कारण तिथे कित्येक वर्षं ठरवून, हिशेबाने छोट्या आगी लावल्या जात होत्या.

आता सोयी-गैरसोयी. वाहनतळापासून शर्मनपर्यंत अर्धा मैल उतार आहे, मध्ये पायऱ्या. उतरताना काही वाटत नाही. चढताना लक्षात येतं की आपण सात हजार फुटांवर, म्हणजे महाबळेश्वरच्या दीडपट उंचीवर आहोत. गुडघे किंवा छाती कुरकुरत असेल तर उन्हाळ्यात मोफत बस असते, ती खालच्या रस्त्यावरून परत नेते. तेवढंही जमणार नसेल तर राउंड मेडोभोवतीची बिग ट्रीज ट्रेल सपाट आहे, व्हीलचेअर जाते.

व्हायसेलियाहून थ्री रिव्हर्समार्गे येणारा घाट फार वळणांचा. ज्यांना गाडी लागते त्यांनी फ्रेस्नोकडून ग्रँट ग्रोव्हचा रस्ता धरावा आणि आलेपाक हाताशी ठेवावा. पेट्रोल खालीच भरा, उद्यानात पंप नाही. फोनला रेंज मिळेल ही आशा सोडा, नकाशा आधीच उतरवून घ्या. जून ते ऑक्टोबर बरा काळ, मात्र ऑगस्टनंतर वणव्यांचा धूर असू शकतो. हिवाळ्यात चाकांच्या साखळ्या सोबत लागतात. भाड्याच्या गाडीला त्या लावू देतात का, हे घेतानाच विचारा.

अस्वलांबद्दल गंमत करू नका. चिवडा, लाडू, बाकरवडी, इतकंच काय, टूथपेस्टसुद्धा गाडीत ठेवायची नाही. त्यासाठी लोखंडी पेट्या आहेत. वासावर अस्वल गाडीचं दार उचकटतं, आणि माणसाच्या खाण्याला चटावलेलं अस्वल बरेचदा शेवटी मारावं लागतं.

पैशांचा हिशेबही बदललाय. २०२६पासून अमेरिकेत न राहणाऱ्या, १६ वर्षांच्या आणि त्यावरच्या पाहुण्यांना सेकोया आणि योसेमिटीसह ११ उद्यानांत दरडोई १०० डॉलर जादा पडतात. परदेशी पाहुण्यांचा वार्षिक पास २५० डॉलरचा आहे. दोन्ही उद्यानं करणार असाल तर निघण्याआधी उद्यानाच्या संकेतस्थळावर नियम वाचून काय परवडतं ते ठरवा. आतल्या वुक्साची लॉजच्या खोल्या उन्हाळ्यासाठी फार आधी भरतात. ती मिळाली नाही तर ग्रँट ग्रोव्हला जॉन म्यूर लॉज बघा, आणि तिथेही जागा नसेल तर थ्री रिव्हर्सला उतरा. आईवडिलांच्या विमानाची तिकिटं काढाल त्याच आठवड्यात हेही बुकिंग करून टाका.