उठत नाही आणि उठवत नाही

व्याकरणाच्या तासाला शक्य क्रियापद आले की निम्मा वर्ग पेंगू लागतो. 'मी उठते' हे साधे. 'मला उठवते' म्हणजे उठण्याची शक्ती माझ्या अंगी आहे, हे शक्य. फळ्यावर उदाहरणे लिहावीत, मुलांनी ती उतरवून घ्यावीत आणि विसरून जावे, असा हा भाग. परंतु हल्ली मला वाटू लागले आहे की, एवढा एक धडा तरी घरोघरच्या मंडळींनी पाठ करावा. का, ते सांगते.

आमच्या खालच्या मजल्यावर एक काकू राहतात. सकाळी सहाला त्यांच्या दारात रांगोळी पडलेली असायची. तिच्यावर पाय पडू न देता जिना उतरणे हे आम्हां वरच्या मंडळींचे रोजचे कसब. मागल्या वर्षी श्रावण सरता सरता ती रांगोळी दिसेनाशी झाली. भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "अगं, सकाळी उठवतच नाही बघ. जेववत नाही. कुणाशी बोलवत नाही." त्यांच्या सुनेने हीच हकीकत मला सांगितली ती अशी : "आई हल्ली उठत नाहीत, जेवत नाहीत, कुणाशी बोलत नाहीत." सून मोठी गुणाची; पण मधला 'व' गळला आणि आजाराचा हट्ट झाला.

डॉक्टर ज्याला डिप्रेशन म्हणतात त्याला पुस्तकी मराठीत 'नैराश्य' म्हणतात. शब्द शुद्ध आहे, पण घात करतो. नैराश्य म्हटले की आपल्याला निराशा आठवते आणि आपण नापास झालेली परीक्षा, मोडलेले लग्न असे काहीतरी कारण शोधू लागतो. ते सापडले नाही की, "तुला काय कमी आहे?" हा प्रश्न ठरलेला. पुष्कळदा कमी काहीच नसते. आणि डोळ्यांत पाणी असतेच असेही नाही.

मुख्य खुणा दोन : मन सतत उदास असणे, किंवा पूर्वी ज्यात जीव रमे त्यात गोडी न राहणे. यांतली एक तरी जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ, दोन आठवडे टिकली आणि जोडीला झोप, भूक, अंगातले त्राण, कामातले लक्ष यांची घडी विसकटली, तर डॉक्टर या आजाराचा विचार करतात. पण आपल्याकडे माणूस दवाखान्यात जाऊन "मी उदास आहे" असे कुठे म्हणतो? तो डोके जड झाले म्हणतो, अंग मोडून येते म्हणतो, पहाटे तीनला जाग आली की पुन्हा डोळा लागत नाही म्हणतो. पुरुषमाणूस तर पुष्कळदा हेही म्हणत नाही. भाजीत मीठ कमी पडले म्हणून ताट सारतो. (सगळेच ताट सारणारे आजारी नसतात, काहींचा तो स्वभावच असतो!) म्हणून ताडून पाहायचे ते त्याच माणसाच्या कालच्या वागण्याशी. माझ्याकडे चकल्या दुकानातून येतात, त्यात चिंतेचे काही नाही. काकूंनी मात्र दिवाळी तोंडावर आली तरी भाजणीचा डबाच काढला नाही.

त्यांच्या डॉक्टरांनी आधी रक्त तपासले; थायरॉइडचे काम मंदावले किंवा रक्त कमी झाले तरी माणूस असाच गळून जातो. मग मनोविकारतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली. या गोळ्यांचा गुण दिसायला काही आठवडे लागतात, आणि बरे वाटल्यावरही त्या काही महिने घ्याव्या लागतात. आठव्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून त्या कोनाड्यात टाकणारे पुष्कळ.

गोळ्यांखेरीजही इलाज आहेत. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत झालेला एक प्रयोग २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. खास शिकवून तयार केलेली साधी माणसे, डॉक्टर नव्हेत, रुग्णाला सहा ते आठ वेळा भेटत आणि सुटलेली लहानसहान कामे एकेक करून पुन्हा हाती घ्यायला मदत करीत. नुसत्या नेहमीच्या उपचारांपेक्षा यात अधिक माणसे सुधारली. 'उठवणे' हे क्रियापद प्रयोजकही आहे, हे इथे आठवते. "ऊठ, काहीतरी कर" म्हणून दारातून ओरडणे निराळे आणि हात धरून फाटकापर्यंत चालत नेणे निराळे.

एक प्रश्न विचारायला सारे कचरतात : "जगू नये असे मनात येते का?" असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मनावरचे ओझे थोडे हलके होते. उत्तर 'हो' आले तर माणसाला एकटे सोडू नये, लगेच डॉक्टर गाठावेत. २०२२ च्या ऑक्टोबरात सरकारने 'टेलिमानस' सुरू केले. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, फुकट, मराठीतही बोलता येते. काकूंना तो प्रश्न सुनेनेच विचारला, डॉक्टरांकडे नेण्याच्या आदल्या रात्री. काकू बराच वेळ गप्प राहिल्या; मग म्हणाल्या, "दोनदा आलं." त्या रात्रीपासून सून आपली गादी उचलून त्यांच्या खोलीत निजू लागली.