आभाळ गेलं तरी चालेल

महाडजवळच्या बिरवाडीच्या पेठेत फोटो काढून घ्यायला येणारी माणसं मुख्यतः दोन तऱ्हेची. एक, सोयरीक जमवायला निघालेली. दुसरी, एमआयडीसीत नुकती कामाला लागलेली, ज्यांना गेटपाससाठी घाईने प्रती हव्या असत. मागणी दोघांचीही एकच, "भाऊ, जरा उजळ येऊ दे." भाऊ, म्हणजे आमचे सर, ऐकून घेत, हनुवटीला बोट लावून माणसाला खिडकीकडे वळवत आणि आपल्याला करायचं तेच करत.

सर गेल्या महिन्यात गेले. वय झालं होतं, फार दुखणं काढलं नाही.

त्यांच्याकडे शिकायला फी नव्हती. दुकान झाडायचं, पाणी भरायचं आणि समोर गिऱ्हाईक बसलं की तोंड बंद ठेवायचं. कॅमेरा हातात मिळायला वेळ लागे. मिळाला की पहिला धडा खाचराच्या बांधावर. लावणीचे दिवस, वर पांढरंफटक आभाळ, खाली पाण्याने भरलेलं शेत आणि मधे इरल्याखाली उन्हापावसाने रापलेलं एखादीचं तोंड. मीटर सगळ्याची सरासरी काढतो आणि सांगतो, उजेड भरपूर आहे, लेन्स आवळ. त्याचं ऐकलं की ढगन् ढग सुरेख येतो आणि बाईचं तोंड मात्र नुसतं काळं. "दीड स्टॉप उघड," सर म्हणायचे. "आभाळ गेलं तरी चालेल, माणूस जाता कामा नये."

पण चेहऱ्याला उजेड देणं वेगळं आणि चेहरा गोरा करणं वेगळं, यावर ते हटून बसत. तेव्हा रीटचिंग निगेटिव्हवर होई. टोकदार पेन्सिलीने जिथे शिसं चढवाल तिथे प्रिंटवर उजळ उमटतं, म्हणून सुरकुत्या आणि देवीचे व्रण घालवणं हा डाव्या हाताचा मळ. सरांचा हात त्यात कमालीचा हलका होता आणि सर तो वापरत नसत. प्रिंटवर धुळीचा पांढरा ठिपका आला तर ब्रशने भरायचा, तेवढीच मुभा. सावळी मुलगी नाकारली गेली तर तिचा बाप येऊन सरांनाच चार शब्द सुनवायचा. "फोटो बघून हो म्हटलं आणि मुलगी बघून नाही म्हटलं, तर तिला जास्त लागेल," हे त्यांचं उत्तर. बापाला पटायचंच असं नाही. धंद्याच्या दृष्टीने हा शुद्ध आडमुठेपणा होता, असं मला आजही वाटतं.

दुसरा हट्ट पाण्याचा. हायपोतून, म्हणजे फोटो पक्का करणाऱ्या रसायनातून, काढलेली प्रिंट नीट धुतली नाही तर कागदात राहिलेला हायपो काही वर्षांत फोटो पिवळा पाडतो. वैशाखात विहिरी तळाला जातात, घरात प्यायला हंडा मोजून, आणि सर मात्र प्रिंटचं पाणी पुन्हा पुन्हा बदलायला लावत. काकूंची, म्हणजे सरांच्या बायकोची, त्यावरून रोज बोलणी. मग ते वापरलेलं पाणी दुकानापुढची धूळ बसवायला जाई. उटीच्या सरकारी कारखान्यातल्या इंदू फिल्मवरून काढलेल्या त्या काळातल्या प्रिंटा अजून पांढऱ्याच्या पांढऱ्या आहेत. पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरू नये म्हणून कपाटात बल्ब लावलेला असे, त्याच्या बिलावरूनही बोलणी.

दादासाहेब फाळक्यांची गोष्ट ते रंगवून सांगत. प्लेगात बायको आणि मूल गेल्यावर फाळके बडोद्यात फोटोचा धंदा करू लागले, तर कॅमेरा अंगातली शक्ती शोषून घेतो आणि माणूस मरतो, अशी आवई लोकांत उठली. पुढे त्याच फाळक्यांनी १९१३मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला. सरांना त्यात रस होता तो फाळक्यांपेक्षा प्रा. त्रिभुवनदास गज्जरांमध्ये. बडोद्याच्या कलाभवनाचा हा प्रमुख, त्याने फाळक्यांना स्टुडिओ वापरू दिला. "किल्ली देणारा मास्तर" असं सर म्हणत. आमच्या दुकानाची किल्ली चौकटीवर असे, कुणीही घ्यावी.

फोटोग्राफरचा स्वतःचा फोटो नसतो असं म्हणायची पद्धत आहे. सरांचे चिक्कार होते. शिकणाऱ्या प्रत्येकाने पहिला प्रकाश त्यांच्याच नाकावर पाडलेला. त्यामुळे श्रद्धांजलीच्या फ्लेक्ससाठी फोटो कुणाचा लावायचा, यावरून आम्हा शिष्यांत जुंपली. शेवटी एक ठरला. सकाळी नाक्यावर फ्लेक्स लागला, तर सर गोरेपान, गुळगुळीत, गाल गुलाबी! फ्लेक्सवाला पोरगाही सरांकडेच शिकलेला. "मी सगळ्यांचेच करतो," तो म्हणाला, "लोकांना तसंच लागतं." काकू फ्लेक्सखाली उभ्या राहिल्या, वर पाहिलं आणि म्हणाल्या, "हे कोण?" दुपारपर्यंत दुसरा छापून आला. पैसे त्याने घेतले नाहीत.

२२ जुलै २०२१च्या पुरात महाड शहर बुडालं तेव्हा किती घरांतले भिंतीवरचे आजीआजोबा चिखलात गेले. त्यानंतर बरीच माणसं सरांकडे येत, सर रजिस्टर उघडून निगेटिव्ह काढत, प्रिंट करून देत आणि पैसे विचारले की पाण्याचा तांब्या पुढे करत. ती रजिस्टरं आणि निगेटिव्हची खोकी आता आम्ही दोघा शिष्यांनी वाटून घेतली आहेत. कुणाला हवं असेल तर साल आणि प्रसंग सांगून यावं, सरांनी नावापेक्षा प्रसंगच नीट लिहिलेत. फक्त लग्नाच्या तिथीला येऊ नका, त्या दिवशी आम्ही दोघेही कुठल्या ना कुठल्या मांडवात असतो. आणि उजळ करून मिळणार नाही.