डोंगर कोणी पोखरला?

किल्ला पाहिला की तो बांधणाऱ्या राजाचे नाव आपण विचारतो. पाथरवटाचे नाव विचारण्याची आपल्याला सवय नाही. रुमानियातील रोशिया मोंताना या डोंगराळ खाणगावाविषयी वाचताना ही सवय मला फार खटकली.

ट्रान्सिल्व्हेनियातील आपुसेनी पर्वतातले हे गाव. सम्राट ट्राजनने सन १०६ मध्ये डेसिया जिंकल्यावर रोमनांनी येथील सोने काढले. डोंगराच्या पोटात त्यांनी खोदलेले सुमारे ७ किलोमीटर बोगदे आजही आहेत. वर सुंदर तळी दिसतात. तीही माणसांनीच बांध घालून केलेली. सोन्याचे दगड कुटणारी मुसळे पाण्यावर चालावीत, म्हणून नंतरच्या शतकांत ती बांधली गेली. पाहुण्याला जो देखावा वाटतो, तो पिढ्यान्‌पिढ्यांच्या कष्टांनी घडला आहे.

या कष्टकऱ्यांपैकी एकाचे नाव सुदैवाने उरले आहे. तेथील जुन्या बोगद्यांत मेण लावलेल्या लाकडी पाट्या सापडल्या. सन १६४ मधल्या एका पाटीवर मजुरीचा करार आहे. मेम्मियस नावाचा मजूर मे ते नोव्हेंबर सोन्याच्या खाणीत राबणार. मोबदला ७० देनारी. पाण्यामुळे काम अडले तर त्या प्रमाणात पैसे कापले जाणार. मेम्मियसला लिहिता येत नसल्याने करार दुसऱ्याने लिहिला, अशी त्यावर नोंद आहे.

माझ्या आजोबांनी रोजगार हमीच्या मस्टरवर अंगठाच उठवला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. म्हणूनच अठरा शतकांपूर्वीचा हा मजूर मला परका वाटत नाही.

येथील सरकारी खाण २००६ साली बंद झाली. चार डोंगर फोडून सायनाइडच्या साहाय्याने सोने काढण्याची एका परदेशी कंपनीची योजना होती. तिच्याविरुद्ध २०१३ साली देशभर मोर्चे निघाले, आणि २०२१ साली युनेस्कोने हा परिसर जागतिक वारसा ठरवला. डोंगर वाचला, हे योग्यच झाले. पण खाण हवी म्हणणारे गावकरीही होते. त्यांना अडाणी ठरवणे मला मान्य नाही. ज्यांची चूल पिढ्यान्‌पिढ्या खाणीवर पेटली, ते काम मागणारच.

तेव्हा वारसा जपायचा तर बोगद्याच्या तोंडाशी ट्राजनबरोबर मेम्मियसचेही नाव लागले पाहिजे. आणि आज तेथे राहणाऱ्यांना गावातच पोटापुरते काम मिळाले पाहिजे. एवढे झाले नाही, तर मोकळ्या घरांच्या गावात आपण कोणाचा वारसा राखणार आहोत?